टेस्टोस्टेरॉन घेताना: काय बदलतं, काय मागे फिरत नाही आणि रिपोर्टात काय बघायचं

विभाग: आरोग्य » बडोदे कट्टा

सुरसागर_काठ (धागाकर्ता)

मी रावपुऱ्यातला, ट्रान्स पुरुष (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला), टी म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन चालू आहे. नवरात्र झाली की दरवर्षी माझा इनबॉक्स भरतो. चनियाचोळी घालायची की केडियू (गरब्यात पुरुष घालतात तो घेरदार अंगरखा) या भांडणातून घरात एकदाचं सगळं बाहेर पडतं आणि मग पोरं रात्री दोन वाजता विचारतात, 'दादा, टीने नक्की काय होतं? धोका किती?' त्यांना नेटवर एक तर 'हार्मोन म्हणजे विष' सापडतं, नाहीतर 'तीन महिन्यांत भरघोस दाढी'. म्हणून एकदाच सगळं इथे लिहितो. मी डॉक्टर नाही. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

आधी वेळापत्रक, कारण निम्मी निराशा तिथेच होते. डब्ल्यूपॅथ या ट्रान्स आरोग्यावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेची आठवी आवृत्ती २०२२ मध्ये आली. तिच्यातलं कोष्टक माझ्याशी बऱ्यापैकी जुळलं. पहिल्या सहा महिन्यांत कधीतरी त्वचा तेलकट होते, मुरुमं येतात, पाळी थांबते, चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे सरकायला लागते, आवाज खरखरतो. क्लिटोरिस वाढते आणि योनी कोरडी पडते, हेही त्याच काळातलं. कुणी मोकळेपणी सांगत नाही म्हणून इथे स्पष्ट लिहितोय. दाढी-मिशा, अंगावरचे केस आणि स्नायू यांना साधारण सहा ते बारा महिन्यांनी जाग येते. दाढी पूर्ण भरायला पाच वर्षांहून जास्त लागू शकतात. आमच्या काकांचीच दाढी विरळ, तर माझी कुठून घनदाट येणार! टकलाचंही तेच. आईकडचे आणि वडिलांकडचे, दोन्हीकडचे आजोबा-मामा-काका बघून ठेवा.

आता महत्त्वाचं. उद्या औषध बंद केलं तरी आवाज परत वर जात नाही, दाढी येणं थांबत नाही, क्लिटोरिसची वाढ जात नाही, गेलेले केस परत उगवत नाहीत. पाळी परत येऊ शकते. चरबी आणि स्नायू पुन्हा पहिल्या जागी सरकतात, मुरुमं जातात, व्रण राहतात. आणि काही गोष्टी टीने मुळात होतच नाहीत. उंची वाढत नाही. स्तन जात नाहीत, त्याला टॉप सर्जरी म्हणजे स्तन काढण्याची शस्त्रक्रियाच लागते. बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) सुटेल या आशेने टी सुरू करणारा प्रत्येक वर्षी एक तरी भेटतो.

माझं म्हणणं इतकंच की औषधाला जेवढं घाबरता तेवढं तपासणी चुकवायला घाबरा. माझ्या ओळखीत ज्यांना खरा त्रास झाला, ते बहुतेक मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणून, रक्त न तपासता टोचून घेणारे होते.

मांडवी_नाका

धाग्याची गरज होती. वाखूण साठवली.

दांडिया_बाजार_माई

नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहिते आहे, मुलाने खातं उघडून दिलं. तो २३ वर्षांचा आहे, पुढच्या महिन्यात सुरू करणार म्हणतो. मी अडवत नाही, दोघांचंही रडून झालं आहे. पण मला झोप नाही. नणंद म्हणतात लिव्हर जातं. शेजारच्या भाभी म्हणतात कॅन्सर होतो. यजमानांना एक्कावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, म्हणजे ते घरातच आहे. आणि पोरगा मुळातच तापट, आणखी तापट होईल का? कुणी खरं खरं सांगाल का? नुसता धीर नको.

गोत्री_फिजिशियन

माई, एकेक घेतो.

लिव्हरची भीती जुन्या गोळ्यांची आहे. मिथाइलटेस्टोस्टेरॉनसारख्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या यकृताला खरोखर त्रास द्यायच्या. त्यांची बदनामी अजून सगळ्या टेस्टोस्टेरॉनला चिकटून आहे. इंजेक्शन आणि जेल यांत तो प्रकार फारसा नाही. तरी आम्ही एसजीपीटी ही यकृताची तपासणी बघतो, कारण बडोद्यात यकृतावर चरबी चढायला टेस्टोस्टेरॉन लागत नाही, रविवारचा फाफडा पुरतो.

कॅन्सर. टीने कॅन्सर होतो असं दाखवणारा भक्कम पुरावा आज नाही. पण जो अवयव शरीरात आहे त्याची तपासणी चालूच राहते, हे पक्कं धरा. गर्भाशयाचं मुख आहे तोवर त्याची तपासणी. आपल्या सरकारी कार्यक्रमात ती ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी धरली आहे. टीमुळे तिथली त्वचा पातळ होते, त्यामुळे पॅप स्मीअरचा नमुना कधी कधी 'अपुरा' म्हणून परत येतो. म्हणजे काही सापडलं असं नाही, पुन्हा द्यायचा एवढंच. फॉर्मवर टेस्टोस्टेरॉन चालू असल्याचं लिहायला लावा, म्हणजे स्लाइड बघणाऱ्याचा गोंधळ होत नाही. टॉप सर्जरीनंतरही थोडी स्तनपेशी उरतात, तिथे गाठ लागली तर दाखवायचं.

हृदय. तुमच्या घरात हाच प्रश्न मोठा आहे. वडिलांना पंचावन्नच्या आत झटका आला असेल तर मुलाची जोखीम आम्ही आधीच एक पायरी वर धरतो, टी असो वा नसो. टीने चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल खाली येतं, वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड थोडी चढू शकतात, रक्तदाबही. ॲमस्टरडॅमच्या दवाखान्याने १९७२ ते २०१८ या काळातल्या त्यांच्या साडेचार हजारांवर ट्रान्स रुग्णांचे मृत्यू तपासले. ट्रान्स पुरुषांतलं प्रमाण तिथल्या सामान्य पुरुषांपेक्षा लक्षणीय जास्त निघालं नाही. सामान्य स्त्रियांच्या तुलनेत मात्र जास्त होतं, पण ते हार्मोनमुळे असं त्या आकड्यांतून निघत नव्हतं. तुम्हाला धीर नको होता म्हणून दोन्ही बाजू सांगितल्या. सुरू करण्याआधी लिपिड (रक्तातली चरबी), साखर आणि रक्तदाब. सिगरेट असेल तर ती आधी. झोपेत मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल, तर तेही सांगा, टीने स्लीप अॅप्निया वाढू शकतो.

तापटपणा. मेलबर्नमध्ये ६४ जणांवर एक नीट चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली. निम्म्यांना टी लगेच दिलं, निम्म्यांना तीन महिने थांबवलं. लगेच मिळालेल्यांमध्ये डिस्फोरिया (शरीर आपलं न वाटण्याचा त्रास), नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी झाले. चिडचिड काहींची वाढते, हे नाकारत नाही. दोन-तीन आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनात पातळी आधी उंच जाते आणि शेवटच्या दिवसांत खाली येते. पुष्कळांचं चिडणं, गळून जाणं त्या शेवटच्या दिवसांतलं असतं. तसं दिसलं तर डॉक्टरला सांगून अंतर किंवा प्रकार बदलता येतो. घरात डायरी ठेवा: तारीख, टोचलं कधी, भांडण कधी.

दांडिया_बाजार_माई

डायरीचं पटलं. आमच्याकडे भांडणाची वेगळी वहीच लागेल. धन्यवाद डॉक्टर.

पीसीव्ही_४८

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, शहरातच. जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो ते सांगतो.

टीचा रक्तावरचा परिणाम असा: शरीर लाल पेशी जास्त बनवायला लागतं. मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिनचा म्हणजे 'लाल पेशी बनवा' असा निरोप वाढतो, लोह अडवून ठेवणारं हेप्सिडिन दबतं म्हणून लोह जास्त मोकळं होतं, आणि पाळी थांबल्यामुळे दर महिन्याचं रक्त जाणंही बंद. रिपोर्टात हे 'पीसीव्ही' किंवा 'हिमॅटोक्रिट' या ओळीत दिसतं. रक्तात पेशींचा वाटा किती टक्के, एवढाच त्याचा अर्थ. तो फार चढला तर रक्त घट्ट होतं आणि गुठळ्यांची भीती.

आता घोळ. बायकांसाठी पीसीव्हीची चौकट साधारण ३६ ते ४६, पुरुषांसाठी ४० ते ५०. थोडं इकडेतिकडे, लॅबप्रमाणे. फॉर्मवर 'स्त्री' असेल तर मशीन ४७ वर ठळक अक्षरात 'जास्त' छापतं. पोरगं घाबरतं, इंजेक्शन स्वतःच बंद करतं, पाळी परत येते, मग रडारड. वास्तविक टी स्थिर झाल्यावर त्याला पुरुषांची चौकट लावायची असते आणि ४७ तिच्यात आरामात बसतं. उलटाही प्रकार होतो. हिमोग्लोबिन १२.४ आलं तर स्त्रीच्या चौकटीत 'नॉर्मल' छापून येतं. पण पुरुषांत १३ च्या खाली पंडुरोग धरतात. टी चालू असताना १२.४ म्हणजे काहीतरी कमी पडतंय किंवा कुठून तरी रक्त जातंय, आणि ते कागदावर झाकलं जातं. क्रिएटिनिन या मूत्रपिंडाच्या तपासणीलाही हीच अडचण, स्नायू वाढले की ते थोडं चढतं. तेव्हा कागदावर कुठलं लिंग छापलंय ते आधी बघा, आकडा नंतर.

कधी काळजी करायची? ५० ओलांडलं की डॉक्टरने लक्ष घालायचं, ५४ ला मात्रा कमी किंवा तात्पुरती बंद, हा सर्वसाधारण नियम. ॲमस्टरडॅमच्याच १०७३ ट्रान्स पुरुषांचे वीस वर्षांचे रिपोर्ट तपासले होते. ५० च्या वर कधी ना कधी गेलेले ११ टक्के, ५४ च्या वर अर्धा टक्का. चढ सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात. सिगरेट ओढणारे, वजन जास्त असलेले आणि दीर्घकाळ चालणारं इंजेक्शन घेणारे यांच्यात प्रमाण अधिक. म्हणून पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पुढे वर्षातून एक-दोनदा.

आणि बडोद्याची खास गोष्ट. मे महिना, ४३ डिग्री, रात्रीपासून पाण्याचा घोट नाही, तसाच वाघोडिया रोडवरून बाइकवर आलेला माणूस. त्याचा पीसीव्ही दोन-तीन अंकांनी उगीच वर दिसू शकतो, कारण रक्तातलं पाणी उतरलेलं असतं. 'उपाशीपोटी या' म्हणजे पाणीही प्यायचं नाही असं नव्हे! दोन ग्लास पिऊन या. दंडाला पट्टा बांधून ठेवून फोनवर बोलत बसणारा कंपाउंडर दिसला तर त्यालाही टोका, फार वेळ बांधलेल्या पट्ट्यानेही आकडा फुगतो.

टेस्टोस्टेरॉनची पातळी तपासताना शेवटचं इंजेक्शन कुठल्या तारखेला घेतलं ते फॉर्मवर लिहा. नाहीतर आकड्याला अर्थ नाही. दोन आठवड्यांच्या इंजेक्शनला दोन टोचण्यांच्या बरोबर मध्ये मोजतात, डेसिलिटरमागे ४०० ते ७०० नॅनोग्रॅमच्या आसपास हवं. दहा-बारा आठवड्यांनी घ्यायच्या अनडेकॅनोएट या इंजेक्शनला पुढचं टोचण्याच्या अगदी आधी.

सुरसागर_काठ

@पीसीव्ही_४८, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे. माझ्या पहिल्या लॅबने आधार कार्ड बघून फॉर्म भरला होता. मी बदलायला सांगितलं तर काउंटरवरची बाई म्हणाली, 'मशीनला काय कळतं?' मशीनलाच तर कळत होतं.

अलकापुरी_बार्बेल

एवढं काय रे! आमच्या जिममध्ये अर्धी पोरं सस्टेनॉन हे टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मारतात, कुणाचं काय बिघडलं? माझ्या एका ट्रान्स मित्राला मीच आणून देतो. दर [मजकूर काढला आहे] घेतो, मस्त साइज आली. रक्त घट्ट झालं तर रक्तदान करायचं. पुण्य पण आणि इलाज पण.

संपादक

औषधाची मात्रा आणि ते कुठून मिळेल हे या धाग्यावर लिहू नये. एक ओळ काढली आहे.

गोत्री_फिजिशियन

जास्त मात्रेने दाढी लवकर येत नाही. पीसीव्ही मात्र लवकर चढतो, मुरुमं चढतात आणि जादा टेस्टोस्टेरॉनमधलं काही शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. 'कुणाचं काय बिघडलं' याचं उत्तर द्यायला जे आयसीयूत असतात ते जिममध्ये येत नाहीत. तुमच्या मित्राला या आठवड्यात सीबीसी, लिपिड आणि बीपी करायला लावा. रागावून नाही सांगत.

सुरसागर_काठ

आणि रक्तदानाचं. भारतात २०१७ च्या रक्तदाता निवडीच्या नियमांत ट्रान्सजेंडर व्यक्तींना रक्तदान करूच दिलेलं नाही. त्याविरुद्ध २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. मला तो नियम अपमानास्पद वाटतो, पण तू मित्राला शिबिरात पाठवशील तर त्याला तिथे सगळ्यांसमोर परत पाठवतील. डॉक्टरने सांगून, दवाखान्यात, मोजून रक्त काढणं वेगळं. ते उपचार म्हणून होतं, आणि त्याआधी मात्रा कमी करून बघतात.

अलकापुरी_बार्बेल

ओके भाई. नियमाचं माहीत नव्हतं. मित्राला सांगतो.

काळी_पाच_होती

आवाजाबद्दल लिहितो, कारण त्यावर 'आवाज जाड होतो' एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं.

मी शास्त्रीय गाणं शिकतो. ज्या शहरात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली तिथे हे अगदी नवलाचं नाही. टी सुरू करण्याआधी माझी पट्टी काळी पाच, म्हणजे बायकांची उंच पट्टी. स्वच्छ तार षड्ज (वरचा सा) लागायचा, कार्यक्रमांत त्याचंच कौतुक व्हायचं. टी घेतलं की स्वरतंतू जाड होतात, जड तार हळू कंप पावते, म्हणून स्वर खाली येतो. पण कळायला लागणाऱ्या वयातल्या मुलग्यांची स्वरयंत्राची पेटीसुद्धा वाढते. मोठ्या वयात टी घेतल्यावर ती तशी वाढत नाही. त्यामुळे तंतू जाड आणि घर जुनंच, असा काहीसा प्रकार होतो. काहींचा आवाज सुंदर बसतो, काहींचा दबल्यासारखा, लवकर थकणारा राहतो. कुणाचा कसा होईल हे आधी सांगता येत नाही.

मधले महिने वाईट होते. मध्य सप्तकातला गंधार लावायला जावं आणि तिथे काहीच नसावं. आवाज फाटायचा, हवा निघून जायची. मी जोर लावून जुन्या पट्टीत गायचा प्रयत्न केला तेव्हा गुरुजींनी तंबोरा खाली ठेवला आणि म्हणाले, 'आता तोडशील.' त्यांना टी वगैरे माहीत नव्हतं, पण चौदा-पंधराच्या मुलग्यांना गाणं कसं सांभाळून शिकवायचं हे माहीत होतं. त्यांनी तेच केलं. रोज थोडा वेळ, हळू, खर्जाचा रियाज, ताना बंद. शिवाय एका वाचा-उपचार तज्ज्ञांकडे गेलो. बोलतानाही मी गळा दाबून खोटा घोगरा आवाज काढत होतो, त्याने जास्त नुकसान होतं, हे त्यांनी दाखवलं.

आज मी काळी एकमध्ये गातो. मंद्र पंचम असा भरतो की पूर्वी स्वप्नातही नव्हता. तार सप्तक निम्मं गेलं. फोनवर 'हां मॅडम' ऐकू येत नाही. तार षड्ज गेल्याचं मला खरंच वाईट वाटतं, आणि तरीही मी हेच केलं असतं. ज्याचं पोट गाण्यावर किंवा आवाजावर आहे त्याने हे आधी तोलावं. जुन्या आवाजात दोन बंदिशी रेकॉर्ड करून ठेवा. मी ठेवल्या नव्हत्या म्हणून नाही, ठेवल्या होत्या म्हणून सांगतोय.

मांडवी_नाका

दादा, काळी एकमधला यमन टाका की इथे!

काळी_पाच_होती

अजून ताना लंगड्या आहेत. थांबा.

नाव_नको_२

विचारायला लाज वाटते. पाळी थांबून बरेच महिने झाले. माझा पार्टनर मुलगा आहे. आता काही होऊ शकत नाही ना? आणि अलीकडे दोन दिवस डाग दिसला.

गोत्री_फिजिशियन

लाजायचं कारण नाही, आणि उत्तर स्पष्ट आहे: होऊ शकतं. पाळी थांबली म्हणजे बीज सुटणं पक्कं थांबलं असं नाही. टेस्टोस्टेरॉन गर्भनिरोधक नाही. वर गर्भ राहिला आणि टी चालू राहिलं तर ते गर्भाला, विशेषतः मुलीच्या गर्भाला, अपाय करतं. तेव्हा आज गर्भचाचणी. पुढे कंडोम किंवा कॉपर टी. डाग दिसण्याचं साधं कारण म्हणजे इंजेक्शन उशिरा झालं किंवा पातळी कमी पडली. पण बरेच महिने बंद राहून रक्त आलं तर सोनोग्राफी करून बघतात, दुर्लक्ष करत नाहीत.

कोरडेपणा, खाज, संबंधांनंतर ओटीपोटात कळ हेही टीचे परिणाम आहेत. त्यावर लावायचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं. त्याने दाढी जात नाही. हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो.

सुरसागर_काठ

@नाव_नको_२, स्त्रीरोगाच्या ओपीडीत एकट्याने बसणं किती जड जातं ते माहीत आहे. तिथे आमच्याकडे सगळे 'वहिनींना आणलंय का?' विचारतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मी येईन सोबत. मागे एकाला घेऊन गेलो होतो तेव्हा दोघं मिळून 'वहिनी' झालो.

याच ओघात: पुढे स्वतःचं मूल हवं असेल अशी थोडी जरी शक्यता असली तर बीजं गोठवण्याबद्दल टी सुरू करण्याआधी विचारा. टी थांबवून नंतर मूल झालेले ट्रान्स पुरुष जगात आहेत, पण तशी हमी कुणी देत नाही. खर्च मोठा आहे, म्हणून बहुतेकांची चर्चा इथेच संपते. तरी विचारून संपू दे.

नाव_नको_२

चाचणी केली. निगेटिव्ह. व्यनि केलाय दादा.

खंडेराव_मार्केट

मी विरोधात लिहिणार आहे, शिव्या नकोत. तेविशीत कुणाला काय कळतं? नेटवर पस्तावलेल्यांचे व्हिडिओ बघतो. आवाज परत येत नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग घाई कशाला?

सुरसागर_काठ

शिव्या कशाला? पस्तावणारे आहेत, त्यांचे व्हिडिओ खोटे नाहीत. आजवरच्या अभ्यासांत त्यांचं प्रमाण कमी निघालंय, पण जो पस्तावला त्याच्यासाठी ते शंभर टक्केच असतं. म्हणूनच काय मागे फिरत नाही ते मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलं. पण 'घाई' हा शब्द मला हसवतो काका. मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटी, एंडोकडचे (हार्मोनच्या डॉक्टरकडचे) हेलपाटे, घरची समजूत. माझ्या ओळखीत कुणाचंही महिन्याभरात झालेलं नाही. आणि थांबणं फुकट नसतं. वर डॉक्टरांनी मेलबर्नचं सांगितलंय, त्यात थांबवलेल्या गटाकडेही बघा.

दांडिया_बाजार_माई

भाऊ, तेविशीत माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. तेव्हा कुणी विचारलं नाही काय कळतं म्हणून.

खंडेराव_मार्केट

माई, निरुत्तर. तरी मला शंका आहेत. पण वाचतोय.

सिंगतेल

एक बारीक पण कामाचं. सस्टेनॉन शेंगदाण्याच्या तेलात असतं. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर ते चालत नाही, डॉक्टरला आधी सांगा. अनडेकॅनोएट एरंडेलात. ते दवाखान्यातच, सावकाश टोचतात आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात, कारण क्वचित तेलाचे कण फुप्फुसात जाऊन खोकल्याची उबळ आणि धाप लागते. 'मला काही होत नाही' म्हणून दहा मिनिटांत पळू नका. जेल लावणाऱ्यांनी जागा वाळू द्यावी, कपड्याने झाकावी, हात धुवावेत. घरात लहान मूल असेल आणि ते तुमच्या खांद्यावर झोपत असेल तर हे फारच महत्त्वाचं, त्वचेतून त्याच्या अंगात जातं.

(आयडी औषधावरून नाही, आमच्या किराणा दुकानावरून आहे.)

फतेगंज_७

कागदपत्रांचं कुणी सांगेल का? आणि घरातून बाहेर काढलं तर बडोद्यात जायचं कुठे? मित्रासाठी विचारतोय. खरंच मित्रासाठी.

सुरसागर_काठ

निवाऱ्यासाठी गरिमा गृह. २५ नोव्हेंबर २०२० ला केंद्राने ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचं राष्ट्रीय पोर्टल सुरू केलं, त्याच दिवशी आपल्या बडोद्यातल्या गरिमा गृहाचंही उद्घाटन झालं. ते लक्ष्य ट्रस्टकडे सोपवलं. लक्ष्य म्हणजे राजपीपळ्याच्या मानवेंद्रसिंह गोहिलांशी जोडलेली, इथली जुनी संस्था. २०१९ च्या कायद्यानंतर ओळखपत्राचे अर्ज त्या पोर्टलवरून जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ लागले. मित्राला अर्जाचं काम संस्थेतल्या माणसाला बरोबर घेऊनच करायला सांग, नियम आणि फॉर्म बदलत असतात. २०२२ मध्ये आयुष्मान भारतमध्ये ट्रान्स व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाखांचं कवच जाहीर झालं, हार्मोन उपचारांसकट. कुठल्या दवाखान्यात ते खरंच चालतं हे दारात जाऊन नव्हे, आधी फोनवर विचारायचं. आणि आत्ता रात्री तो रस्त्यावर असेल तर हे सगळं सोड, मला फोन करायला सांग. नंबर व्यनित देतो.

फतेगंज_७

रस्त्यावर नाही, मावशीकडे आहे. तिला फक्त 'हार्मोनचं इंजेक्शन' एवढंच माहीत आहे, ती त्याला रोज हळदीचं दूध देते.

पीसीव्ही_४८

दूध चालेल.

दांडिया_बाजार_माई

पुन्हा त्रास देते. सुरू करण्याआधी कुठल्या तपासण्या? मुलगा म्हणतो सगळं एका दिवसात उरकूया. ऑडिटमुळे त्याला सुट्टी मिळत नाही. आणि फॉर्मवर आत्ता काय लिहायचं, आधार तर जुनंच आहे.

पीसीव्ही_४८

माई, डॉक्टरची चिठ्ठी असेल तीच खरी. साधारण सीबीसी, लिपिड, उपाशीपोटीची साखर, एसजीपीटी, क्रिएटिनिन, टेस्टोस्टेरॉनची सुरुवातीची पातळी. गरज असेल तर गर्भचाचणी. एका टोचण्यात सगळं होतं. ही सुरुवातीची तपासणी आहे, अजून टी नाही, म्हणून आत्ता स्त्रीची चौकट लागली तरी चालतं. तीन महिन्यांनंतरच्या फॉर्मवर मात्र 'टेस्टोस्टेरॉन चालू' आणि सुरू केल्याची तारीख लिहायची, आणि पुरुषांची चौकटही छापून मागायची. आधार काहीही असो, आमच्यासारख्यांना ती टीप दिसली की पॅथॉलॉजिस्टला दाखवता येते. दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, म्हणजे आकडे शेजारी ठेवून बघता येतात. सकाळी साडेसातला या, ऑफिसच्या आधी उरकेल. आणि पाणी पिऊन.